पोलिओच्या डोसाबद्दल पूर्ण खरं

गेल्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वहिनींनी विचारलं, "डोसानेच पोलिओ होतो म्हणतात, खरंय का?" तासाभरात मेसेजचा पाऊस. निम्मे म्हणाले, "अफवा आहे, असं होतच नाही." निम्मे म्हणाले, "होतं, सरकार लपवतं." दोन्ही बाजू चुकतायत. हे मी सांगतोय, कारण याच विषयात माझ्या हातून एक मोठी चूक झालीय.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. डिप्लोमा करून नुकताच तालुका प्रतिनिधी झालो होतो. पल्स पोलिओच्या रविवारनंतर आठवड्याभरात एका वस्तीवरच्या चार वर्षांच्या पोराचे पाय लुळे पडले. मी आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला. "डोसाने कधीही काही होत नाही, छापू नका," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, हे लपवतायत. छापलं, 'डोस घेतल्यानंतर बालक लुळे'. पुढच्या फेरीला त्या बूथवर दिवसभरात सात मुलं आली.

नंतर कळलं ते असं. पोराच्या शौचाच्या नमुन्यात मूळ पोलिओचा विषाणू नव्हता. साठ दिवसांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ते अंगणात पळत होतं. डोसामुळे आलेलं लुळेपण असं निघून जात नाही. डॉक्टरांनी निदान केलं जीबीएस, म्हणजे २०२५ मध्ये पुण्यात ज्याची साथ आली तोच आजार. आमचा खुलासा आतल्या पानावर, चार ओळींचा.

पण अधिकाऱ्यांचं वाक्यही खरं नव्हतं, हे मला पुढे वाचताना समजलं.

पोलिओवर आधी इंजेक्शन आलं, १९५५ साली, साल्क यांचं. त्यात मेलेला विषाणू असतो. मग साठच्या दशकात साबिन यांचे थेंब आले. त्यात विषाणू जिवंत असतो, फक्त कमजोर केलेला. स्वस्त, द्यायला सोपे, आतड्यातच संरक्षण देणारे. पण अगदी क्वचित एखाद्या बाळाच्या आतड्यात तो कमजोर विषाणू बदलतो, पुन्हा जोर धरतो आणि नसांवर जातो. अमेरिकेतल्या डॉक्टरांना हे १९६२ मध्येच दिसलं होतं. पोलिओची भीती इतकी मोठी होती की थेंब चालू राहिले. तिथे मूळ पोलिओ १९७९ नंतर पसरला नाही, तरी दरवर्षी आठ-दहा जण लुळे होत होते, तेही डोसामुळे. अशा मुलांच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला. २००० साली अमेरिकेने थेंब बंद करून पूर्णपणे इंजेक्शन घेतलं.

आपल्याकडे १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला. १९९९ या एका वर्षाची मोजणी झाली, तेव्हा डोसामुळे लुळी झालेली १८१ मुलं निघाली. साधारण ४० ते ४५ लाख डोसांमागे एक. त्याच वर्षी मूळ पोलिओचे रुग्ण होते १,१२६, आणि तेही एवढे डोस दिल्यावर. डोस नसते तर काय झालं असतं, ते आपल्या आजीआजोबांना विचारा. हा १८१ चा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आलाय, कुणी दडवला नाही. पण आमच्या तालुक्यात तो कुणी सांगितलाही नाही. अमेरिकेत लशीने इजा झालेल्या मुलांच्या भरपाईचा कायदा १९८६ मध्येच झाला होता. आपल्या त्या १८१ घरांसाठी तेव्हा तसं काही नव्हतं. सगळ्यांच्या मुलांसाठी त्यांनी किंमत मोजली, आणि आपण म्हणत राहिलो, "काही होत नाही."

देशातला शेवटचा मूळ पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. नोव्हेंबर २०१५ पासून बाळांना इंजेक्शनही सुरू झालं. टाइप दोनचा मूळ विषाणू १९९९ नंतर जगात दिसलाच नव्हता, पण थेंबांतला टाइप दोन मुलांना लुळं करत होता. म्हणून २५ एप्रिल २०१६ ला तो थेंबांतून काढून टाकला. म्हणजे दोष मान्य झाला, आणि दुरुस्तही झाला.

आणखी एक. जिथे लसीकरण कमी पडतं, तिथे थेंबांतला विषाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात जात बळावतो. २०२४ मध्ये गाझात दहा महिन्यांचं बाळ लुळं झालं ते असंच. डोस चुकवून हा धोका टळत नाही, वाढतो.

तर वहिनी, उत्तर असं. होतं, पण लाखो डोसांत एखाद्याला. बाळाला थेंब आणि इंजेक्शन दोन्ही द्या. प्रतिकारशक्तीचा काही आजार असेल तर डोसाआधी डॉक्टरांना सांगा. कधीही हात-पाय अचानक ढिला पडला तर त्याच दिवशी आशाताईंना कळवा.

त्या अधिकाऱ्यांनी मला फोनवर एवढं सांगितलं असतं आणि मी साठ दिवस थांबलो असतो, तर तो बूथ ओस पडला नसता. चूक दोघांची, पण बातमी माझी होती. काही शंका असेल तर खाली विचारा, माहीत असेल तेवढं नक्की सांगेन.