अप-डाऊनची रेघ

परभणीत ‘अप-डाऊन’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. “सर राहतात कुठं?” “परभणीतच. पूर्णेला अप-डाऊन करतात.” विषय संपला. रेल्वेच्या भाषेत अप म्हणजे एका दिशेची गाडी आणि डाऊन म्हणजे उलट दिशेची. आपण दोन्ही शब्द जोडले आणि त्यातून तिसराच अर्थ काढला: सकाळी जायचं, काम करायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं. नोकरी दुसऱ्या गावात असली तरी घर सुटत नाही, हे त्या शब्दाचं खरं वजन.

दिवाळी सरली, कार्तिकातली थंडी पडली की हा शब्द जास्त जाणवतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा रोज पेपरात यायला लागतो. सकाळच्या पॅसेंजरला मफलर आणि कानटोप्यांची गर्दी होते. आणि मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवारचे बेत सुरू होतात. चारठाण्याची जुनी मंदिरं, नेमगिरीची जैन लेणी, येलदरीचं धरण, वालूरची बारव. ठिकाणावर पाच मिनिटांत एकमत होतं. मग गाडी एकाच प्रश्नावर अडते: “पण जायचं कशानं?”

या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.

निजामाच्या राज्यात पहिली मोठी रेल्वे १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादला गेली. ती ब्रॉडगेज होती. मराठवाड्याच्या वाट्याला रेल्वे आली ती पंचवीसेक वर्षांनी. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेनं १९०० च्या आसपास सिकंदराबाद ते मनमाड असा सव्वासहाशे किलोमीटरच्या घरातला मार्ग टाकला. तो होता मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत फक्त एक मीटर अंतर. नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद ही गावं या रेघेवर आली. मनमाडला ती मुंबईच्या रेल्वेला भेटत असे. पण तिकडचे रूळ १.६७६ मीटर रुंदीचे. त्यामुळे इकडचा डबा तिकडे जाणं शक्यच नव्हतं. कापसाच्या गाठी मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायच्या आणि माणसांनीही ट्रंका उचलून फलाट बदलायचा.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. दोन सिस्टिम आपापल्या जागी नीट चालतात, पण एकीचा डेटा दुसरीला वाचता येत नाही. मग मधे माणूस बसवून हातानं कॉपी-पेस्ट. मराठवाड्यानं हे कॉपी-पेस्ट जवळजवळ एक शतक केलं.

ही रेघ आखताना जिंतूर किंवा पाथरीच्या माणसाला रोज कुठं जायचं असेल, हा हिशोब कोणाच्या टेबलावर नव्हता. दोन टोकं जोडायची होती, माल हलवायचा होता. वाटेत जे गाव सापडलं त्याला स्टेशन मिळालं. ‘मानवत रोड’ या नावाकडे नीट पाहा. रेल्वेच्या नावात ‘रोड’ आला की ओळखायचं, गाव इथं नाही, इथून रस्ता गावाकडे जातो. मानवतकराला गाडी धरण्याआधी स्टेशनपर्यंतचा प्रवास वेगळा करावा लागतो. पुढं पूर्णेहून हिंगोलीकडे आणि परभणीहून गंगाखेड-परळीकडे फाटे निघाले. जिंतूर आणि पाथरी मात्र आजही रेल्वेविना आहेत.

रेघेबाहेरच्या गावांसाठी उपाय निघाला, तोही रेल्वेच्याच खात्यातून. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेनं २७ बस घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली. आपल्या ‘एसटी’ची पहिली गाडी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ ला. म्हणजे सरकारी बस ही कल्पना हैदराबाद संस्थानाला त्याआधी सोळा वर्षं माहीत होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि मराठवाड्याची वेगळी असलेली बससेवाही पुढं एसटी महामंडळात मिसळली. जिंतूरचं अप-डाऊन तेव्हापासून लाल गाडीच्या भरवशावर आहे.

रेल्वेच्या रेघेवर मात्र मीटरगेज तसंच राहिलं. रुंदीकरण ही मागणी मराठवाड्यात वर्षानुवर्षं गाजली. गोविंदभाई श्रॉफांसारख्या स्वातंत्र्यसैनिकांनी ती लावून धरली. निजामाशी लढलेल्या माणसांना नंतर रुळांच्या रुंदीसाठी भांडावं लागलं. परभणीहून थेट मुंबईपर्यंत ब्रॉडगेज गाडी जायला १९९० चं दशक उजाडलं.

रूळ रुंद झाले, पण मार्ग एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून पूर्वी धातूचा गोळा वापरायचे. स्टेशनातल्या यंत्रातून एका वेळी एकच गोळा निघे. तो ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्याचीच गाडी पुढं जाई. पुढच्या स्टेशनात गोळा जमा होईपर्यंत दुसरा निघतच नसे. गोळ्याची जागा आता सिग्नलनं घेतली, पण नियम तोच आहे. म्हणून ‘क्रॉसिंग आहे’ हे वाक्य आपल्याकडे उशिराचं कायमचं कारण. परभणी ते मुदखेड या ८१ किलोमीटरवर दुसरा रूळ २०२० मध्ये पूर्ण झाला. ज्या मार्गावर माणसं रोज अप-डाऊन करतात, तिथं एक्स्प्रेसला वाट देत थांबलेली पॅसेंजर म्हणजे हजेरीवरचा लाल शेरा.

या सगळ्याची किंमत काय, ते २०२१ च्या दिवाळीनंतर कळलं. कोविडमध्ये बंद पडलेल्या पॅसेंजर गाड्या तेव्हा पुरत्या सुरू झालेल्या नव्हत्या. त्यातच एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला आणि राज्यभरातली आगारं एकामागून एक बंद झाली. तो संप पुढचे काही महिने चालला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, पगार तुटपुंजे होते. पण ज्या तालुक्याला रेल्वेच नाही, तिथल्या विद्यार्थ्यासाठी कॉलेज एकदम लांब गेलं. उरली काळी-पिवळी. तिला ना पास, ना सवलत. पास असेल तर मुलगी गावात राहून शिकते, पास नसेल तर शहरात खोली घ्यावी लागते. आणि खोलीचा विषय निघाला की घरात पहिला विचार बहुतेक वेळा मुलीचं शिक्षण थांबवण्याचाच होतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. अनेकांना ती निवडणुकीची खैरात वाटली. रोज ये-जा करणारीला ती महिन्याच्या बजेटमधली मोठी ओळ वाटली.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांची नोकरी अप-डाऊनच्या पल्ल्याबाहेर गेली. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू. आम्ही दिवाळीला येतो आणि कार्तिकातल्या एखाद्या रविवारी आपलाच जिल्हा पाहुण्यासारखा बघतो. तेव्हा एक सुचवावंसं वाटतं. या रविवारी बेत जिथं गाडी जाते तिथला करा. परभणी-पूर्णा मार्गावर पिंगळी स्टेशन आहे, गावात पिंगळेश्वराचं मंदिर आणि जुनी बारव आहे. परळीच्या फाट्यावर पोखर्णीचा नृसिंह आहे, त्याच्या पुढं जनाबाईंचं गंगाखेड आणि गोदावरी.

आणि जिथं रेल्वे नाही त्या चारठाण्याला एकदा तरी एसटीनंच जा. स्टँडवर उभं राहून गाडीची वाट बघा. शेजारी दप्तर घेऊन उभी असलेली मुलगी हे रोज करते. तिच्यासाठी सकाळच्या एका फेरीचा अर्थ काय, हे तिथं उभं राहिल्यावर समजतं. कागदावरची फेरी रद्द करायला डेपोत एक ओळ पुरते. तिच्या घरी मात्र त्या ओळीवर रात्रभर चर्चा होते.