पांदण बंद झाली की

आमच्या दर्यापूर तालुक्यात पावसाळ्यात कोणी गाव किती कोस हे विचारत नसे. पांदण, म्हणजे शेतवाट, चालू आहे काय, एवढंच विचारत. पूर्णाकाठची काळी, खोल माती. मृग बरसला की दहा पावलांत पायाला शेर-शेर चिखल चढतो. चप्पल हातात घ्यायची अन् बोटं रोवत चालायचं. बंडी तर आजोबा जुंपतच नसत. जुंपलीच तर कमरेला खुरपं खोचून, चाक खरवडत खरवडत. नागपंचमीला लेक आणायची की नाही, हे पंचांगापेक्षा बैलांच्या खांद्यावरून ठरे. लग्नं उन्हाळ्यात का, तर लोक चातुर्मास सांगतात. मला त्यात पांदणीचाही हात दिसतो.

कापसाचंही तेच. रेल्वेआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानं लाख बैलांचा कापूस त्या वाटेनं धाडल्याचं गॅझेटियर सांगतं. वाटेत पावसानं गाठलं तर माल गेलाच.

१८६७ला रेल्वे नागपूरला पोचली, पण मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला अन् अमरावती बाजूला राहिली. तिला पुढे फाटा जोडावा लागला. आमच्या वाट्याला मूर्तिजापूर-अचलपूर ‘शकुंतला’ आली. किलिक-निक्सन कंपनीची, अरुंद रुळांची. शहात्तर-एक किलोमीटरला चारेक तास घेई. उतरून चाललं तरी आधी पोचाल, अशी तिची थट्टा होई. थट्टा करणारे बहुधा उन्हाळ्यात आलेले असावेत. श्रावणात आमच्या बनोसा स्टेशनावर आजी गाठोडं घेऊन बसे अन् म्हणे, “हयू जाते तं जाऊ दे बावा, पाय तं फसत नाही.”

त्याच श्रावणात अकोल्याची पोरं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत भरून अनवाणी राजराजेश्वराच्या मंदिरात नेतात. शेवटच्या सोमवारी सगळा रस्ता माणसांनी भरतो. एरवी यातलेच कितीतरी पानठेल्यावरही मोटारसायकलनं जातात. मला यात विसंगती वाटत नाही. नवसाचा घाम माणूस आपण होऊन गाळतो. पांदणीतला घाम गाळावा लागे, अन् तो कोणी पुण्यात धरत नसे.

२०२१पासून सरकारच्या मातोश्री योजनेत पाणंद रस्ते होतायत. काही झाले, काही कागदावर आहेत. निंदणाला येणाऱ्या बाया आता रोजीचा आकडा नंतर काढतात. आधी विचारतात, “ऑटो वावरापर्यंत जाते काय?” नाही म्हटलं की शेजारच्या वावरात जातात.