छोटे विमान शिकायला किती खर्च येतो आणि कशावर होतो?

नाशिककरांना विमानाच्या आवाजाचे अप्रूप नाही. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे, तर गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकतात. नागरी वैमानिक व्हायचे म्हटले, की मात्र धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया ही नावे पुढे येतात. जे.आर.डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिला परवाना मिळवला, तो जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. त्याच क्लबचे प्रशिक्षण पुढे धुळ्याला गेले.

हौसेसाठी खासगी परवाना पुरतो. त्याला वय १७ आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते, पण त्यावर पगारी नोकरी करता येत नाही. व्यावसायिक परवान्याला वय १८ आणि २०० तास. बहुतेक विद्यार्थी थेट याच्याच मागे लागतात. खर्च साधारण पन्नास लाखांच्या घरात जातो.

मीटर तासावर चालते. उड्डाणासाठी विमान जागेवरून हलले, की ते परत येऊन थांबेपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे धावपट्टीआधी रांगेत घालवलेली मिनिटेही त्यात आली. सेसनासारख्या विमानांना लागणारे खास पेट्रोल २०२२पर्यंत आयातच होत असे. आता ते वडोदऱ्यातही बनते.

घरच्यांचा हिशेब चुकतो तो न उडालेल्या दिवसांमुळे. पावसाळ्यात ढग खाली उतरतात. खानदेशच्या उन्हाळी दुपारी हवा विरळ होते, विमानाला धाव जास्त लागते आणि झोतांनी ते हिंदकळते. त्यात विमान देखभालीला गेले, तर आठवडा गेलाच. वसतिगृहाचे भाडे आणि कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. शिवाय मोठा खंड पडला, की आधीचाच धडा पुन्हा गिरवावा लागतो, तोही पैसे मोजून.

एवढे करून मिळते काय? एके सकाळी प्रशिक्षक दार उघडून खाली उतरतात आणि एकट्याने फेरी मारायला सांगतात. वजन घटल्याने विमान नेहमीपेक्षा झपकन वर चढते, शेजारची खुर्ची रिकामी असते. फेरी काही मिनिटांचीच. उतरल्यावर सोबती डोक्यावर पाण्याच्या बादल्या ओततात.

शुल्क भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंग ओळखण्यातला दोष बरेचदा तिथेच पहिल्यांदा कळतो. परवान्यानंतर एअरलाइनच्या मोठ्या विमानाचे प्रशिक्षण वेगळे असते. त्याचे आणखी काही लाख अनेकदा स्वतःलाच भरावे लागतात, आणि तेव्हाही नोकरीची हमी नसते.