पीज येथील दूरचित्रवाणी केंद्र : एका लघुशक्ती प्रक्षेपकाचा इतिहास (१९७५–१९८५)

भारतीय दूरचित्रवाणीचा इतिहास बहुधा महानगरांच्या अनुषंगाने लिहिला जातो. दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक क्षेपणास प्रारंभ झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. पुढे एकामागून एक शहरे ह्या मालिकेत आली. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या पीज ह्या गावाचा निर्देश ह्या मालिकेत ओझरताच आढळतो. तथापि ‘स्थानिक दूरचित्रवाणी’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ज्या स्पष्टतेने पीजच्या दहा वर्षांच्या इतिहासातून पुढे येतो, तितका तो मोठ्या केंद्रांच्या इतिहासातून येत नाही.

पीज केंद्राची पार्श्वभूमी विक्रम साराभाई यांच्या विचारात शोधावी लागते. दूरचित्रवाणी ही नगरांकडून खेड्यांकडे झिरपत जाणारी चैनीची वस्तू नसून दूरस्थ ग्रामीण जनतेसच तिची प्रथम आवश्यकता आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. साराभाई यांचे १९७१ च्या डिसेंबरात निधन झाले. परंतु त्यांनी आखलेला उपग्रह-शिक्षणाचा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या काळात पार पडला. ‘साइट’ ह्या नावाने परिचित असलेल्या ह्या प्रयोगात अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांपर्यंत कार्यक्रम पोचविण्यात आले. प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा एकनाथ चिटणीस यांनी वाहिली. ह्याच सुमारास अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्राने पीज येथे एक किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक उभारला. उपग्रहाचा करार एका वर्षाचा होता व तो संपताच प्रयोगही संपला. पीजचा प्रक्षेपक मात्र भूमीवर उभा असल्याने त्याचे कार्य अखंड चालू राहिले.

प्रक्षेपकाच्या अल्प शक्तीमुळे क्षेपणाची मर्यादा एका जिल्ह्यापुरती आखली गेली, आणि ह्या मर्यादेतूनच केंद्राचे वैशिष्ट्य निर्माण झाले. प्रेक्षकवर्ग एका भाषेचा, एका पीकपद्धतीचा व परस्परांच्या परिचयाचा होता. सुमारे ४०० गावांत सार्वजनिक संच बसविण्यात आले. ते अनेक ठिकाणी दूध उत्पादक सहकारी संस्थांच्या आवारात असत. ‘चतुर मोटा’सारख्या मालिकांतून हुंडा, विधवाविवाह अशा विषयांचा परामर्श चरोतर भागातील बोलीत व लोकनाट्याच्या अंगाने घेतला जाई. ‘दाद फरियाद’, ‘हुं ने मारा ए’ हे कार्यक्रमही ह्याच परंपरेतले. समाजशास्त्राचे अभ्यासक गावोगाव जाऊन प्रेक्षकांचा कल जाणून घेत आणि त्यानुसार निर्मितीत फेरबदल होत. ग्रामस्थांनी लेखनात व अभिनयातही भाग घेतला. पुढे ह्या प्रकल्पास ग्रामीण संज्ञापनासाठी असलेले युनेस्कोचे पारितोषिक लाभले.

येथे एका विसंगतीची नोंद घेणे अगत्याचे आहे. ज्या आवारात संच ठेवला जाई, तेथेच सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाई. त्या दुधाचा व्यवहार करणारा खेडा जिल्हा सहकारी संघ १९४६ साली स्थापन झाला होता आणि तो उत्पादकांच्या मालकीचा होता. दूरचित्रवाणी केंद्राची स्थिती ह्याच्या अगदी विरुद्ध होती. ते लोकांसाठी होते, अंशतः लोकांच्या सहभागाने चालत होते. परंतु लोकांच्या स्वामित्वाचे नव्हते. प्रक्षेपक शासकीय यंत्रणेचा होता व त्याचे भवितव्य ठरविण्याचा अधिकारही तिच्याच हाती होता.

ह्या भेदाचा परिणाम १९८२ नंतर दिसून आला. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी राष्ट्रीय कार्यक्रमास आरंभ झाला, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, आणि लघुशक्ती प्रक्षेपकांच्या उभारणीस वेग आला. १९८४ साली तर काही महिने जवळजवळ दररोज एक प्रक्षेपक कार्यान्वित होत होता. परंतु ह्या नव्या प्रक्षेपकांना स्वतःचे कलागृह नव्हते. दिल्लीहून आलेला कार्यक्रम उपग्रहावरून घेऊन पुढे पाठविणे एवढेच त्यांचे कार्य होते. शक्तीने ते पीजहूनही लहान होते, पण ह्या लहानपणातून स्थानिकता उपजली नाही. पीजने लघुशक्तीचा उपयोग परिसराचा आवाज परिसरास ऐकविण्यासाठी केला. नंतरच्या विस्ताराने तीच लघुशक्ती केंद्राचा आवाज दूरवर नेण्यासाठी वापरली.

अखेर १९८५ साली मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी पीजचा प्रक्षेपक हलविण्यात आला. परिसरातील जनतेने त्यास विरोध केला, पण तो निष्फळ ठरला. ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपला दूधसंघ स्वबळावर राखला, त्यांना आपला प्रक्षेपक राखता आला नाही. ह्याचे कारण त्यांच्या आस्थेच्या उणिवेत नव्हे, तर संस्थेच्या रचनेत शोधावयास हवे. दूरचित्रवाणी केंद्राची स्थानिकता किलोवॅटांनी मोजता येत नाही, आणि केवळ कार्यक्रमांच्या विषयांवरूनही ती सिद्ध होत नाही. केंद्र चालू ठेवावे की बंद करावे ह्याचा निर्णय कोण घेतो, हीच तिची खरी कसोटी होय. पीजचे केंद्र पहिल्या दोन कसोट्यांस उतरले. तिसरी कसोटी त्याच्या निर्मात्यांनी त्याला लावलीच नव्हती.