हजेरीपट आणि तापाची साथ

शाळेच्या इतिहासात इमारती, निकाल आणि स्नेहसंमेलने यांची नोंद आवर्जून होते. तापाच्या साथींची सहसा होत नाही. तरीही फ्लूला वर्गाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडते. एका बाकावर दोघे-तिघे, एका खोलीत चाळीस-पन्नास मुले, पाच-सहा तासांचा सहवास आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यातला घास! हा विषाणू लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच पसरू लागतो आणि लहान मुलांकडून तो मोठ्यांपेक्षा अधिक दिवस पसरत राहतो. त्यामुळे शाळेतील साथ शाळेपुरती राहत नाही. ती दप्तराबरोबर घरी जाते आणि आजी-आजोबांपर्यंत पोहोचते.

मराठी मुलखाला या रोगाची भीषण ओळख १९१८ मध्ये झाली. त्या वर्षी १० जून रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतील एकाची नेमणूक गोदीवर होती. पावसाळ्यानंतर आलेली दुसरी लाट अधिक संहारक ठरली. हिंदुस्थानात त्या साथीने किमान एक कोटी वीस लाख माणसे नेली, असा अंदाज आहे. मृतांमध्ये वीस ते चाळीस वयाचे स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने होते. जी मुले वाचली, त्यांतील कित्येकांच्या डोक्यावरचे आईबापांचे छत्र हरपले होते.

१९५७ मध्ये ‘एशियन फ्लू’ आला. मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून तो भारतात शिरला आणि पुढील वर्षाच्या फेब्रुवारीपर्यंत देशात सुमारे ४४ लाख रुग्णांची नोंद झाली. नोंदलेले मृत्यू त्या मानाने थोडे, सुमारे अकराशे होते. जगभरच्या अनुभवातून मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली: या तापाने शाळकरी वयाच्या मुलांना सर्वाधिक गाठले होते.

२००९ च्या स्वाइन फ्लूने हाच धडा मराठी माणसाच्या दारात आणून ठेवला. जुलैमध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत साथ उद्भवली. ३ ऑगस्ट रोजी पुण्यात चौदा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. देशातील या साथीचा तो पहिला बळी होता. त्यानंतर पुण्यातील आणि पाठोपाठ मुंबईतील शाळा आठवडाभर बंद राहिल्या. गणेशचतुर्थी २३ ऑगस्टला होती. ज्या दिल्लीकर मराठी कुटुंबांचे आप्त पुण्यात होते, त्यांच्या दृष्टीने ही परगावची बातमी नव्हती. शिवाय राजधानीतही रुग्ण आढळत होते आणि डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालयात तपासणीसाठी गर्दी होत होती.

त्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने शाळांना दिलेल्या सूचना आजही वाचण्याजोग्या आहेत. ताप, खोकला, घसादुखी असलेल्या विद्यार्थ्याला घरी राहू द्यावे, आणि त्यासाठी शाळेने वैद्यकीय प्रमाणपत्राचा आग्रह धरू नये, असे त्यांत म्हटले होते. वरकरणी ही बाब कारकुनी वाटते. पण तिने शाळांच्या एका जुन्या संस्काराला हात घातला होता. शंभर टक्के उपस्थितीचे पारितोषिक हा अनेक मराठी शाळांच्या वार्षिक समारंभातील मानाचा क्षण. त्या मानापायी अंगात कणकण असताना, सकाळी तापाची गोळी घेऊन वर्गात बसलेली मुले अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवतील. काहींना स्वतःचेच बालपण आठवेल. ती चिकाटी खोटी नव्हती. मात्र तिची किंमत शेजारच्या बाकावरील मुलाला आणि त्याच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना मोजावी लागत होती.

दिल्लीत हा पेच अधिक अवघड होतो. येथे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि थंडी सरता सरता पुन्हा डोके वर काढतो. २०१५ च्या प्रारंभी असाच मोठा उद्रेक झाला. त्या वर्षी देशभरात ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे तीन हजार मृत्यू नोंदले गेले. जानेवारी ते मार्च हा प्रात्यक्षिकांचा आणि वार्षिक परीक्षांचा काळ. कडाक्याच्या थंडीत खिडक्या बंद असतात, वर्गात हवा खेळत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत एकही तास बुडू नये, अशी पालकांची धडपड असते.

शाळा पूर्णपणे बंद करण्याचा मार्ग किती महाग असतो, हे कोविडने दाखविले. मार्च २०२० मध्ये दिल्लीतील शाळा बंद झाल्या. दहावी-बारावीचे विद्यार्थी १८ जानेवारी २०२१ पासून परतू लागले. चिमुकल्यांच्या वर्गांची घडी बसायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि शिकणारी भावंडे दोन-तीन, तेथे झालेले नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

म्हणून संपूर्ण शाळेला कुलूप लागण्याची वेळ येऊ नये, यासाठी एकेका आजारी मुलाला निर्धास्तपणे घरी राहता आले पाहिजे. औषधाविना चोवीस तास ताप न आल्यावरच परतणे, खिडक्या उघड्या ठेवणे, हात धुण्यासाठी साबण आणि पाणी असणे, वैद्यांच्या सल्ल्याने दरवर्षी लस घेणे हे उपाय साधेच आहेत. त्यांना शाळेची साथ मात्र हवी. बुडालेला धडा पुन्हा शिकविणारे शिक्षक हवेत, वही देणारा मित्र हवा, चुकलेली चाचणी पुन्हा घेण्याची सोय हवी. आईवडील दोघेही नोकरीवर जात असतील, तर मुलाजवळ कोण थांबणार, हा प्रश्नही शाळा आणि पालक यांनी एकत्र बसूनच सोडवावा लागतो.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने जुने हजेरीपट चाळताना संपूर्ण उपस्थितीच्या ओळींकडे अभिमानाने पाहिले जाईल, आणि ते योग्यच आहे. त्याच पानांवर कुठे आठवडाभराची गैरहजेरीही दिसेल. तापातल्या एखाद्या मुलाला घरच्यांनी त्या दिवसांत अंथरुणात ठेवले असेल, तर त्या रिकाम्या रकान्यांनी इतर मुलांची हजेरी राखलेली असेल. त्यांनाही शाळेच्या इतिहासात जागा असावी.