विजयदुर्गाचे भूशिर : भूगोल, इतिहास आणि आख्यायिका

आपल्या ऐतिहासिक साहित्यात किल्ला येतो तो बहुधा पराक्रमाची पार्श्वभूमी म्हणून. बखरकाराला तो कोणी घेतला याचे महत्त्व, कादंबरीकाराला तो कसा घेतला याचे. ज्या जमिनीवर तो उभा असतो तिच्याकडे मात्र दोघांचेही लक्ष क्वचित जाते. विजयदुर्गाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते, कारण या स्थळाचा इतिहास त्याच्या भूगोलाशिवाय नीट समजतच नाही असे आम्हांला वाटते.

देवगड तालुक्याच्या उत्तर सीमेवर वाघोटण नदीची खाडी अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडे रत्नागिरी जिल्हा, अलीकडे सिंधुदुर्ग. दक्षिण कोकणातले जांभ्याचे सडे समुद्राकडे सरकत येतात आणि किनाऱ्याशी एकाएकी तुटतात. असाच एक तुटलेला, कातळाचा सुळका खाडीच्या मुखाशी पुढे आला आहे. त्याच्या तीन बाजूंना पाणी आहे. चौथ्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूने जमिनीची एक चिंचोळी पट्टी त्याला गावाशी जोडते. एके काळी तिथेही खंदक होता. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचलेला नाही, त्यामुळे मोठ्या जहाजांनाही आत शिरता येई आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत आसरा मिळे. पश्चिम किनाऱ्यावर अशी बंदरे मोजकीच.

या जागेचे मोल पुष्कळांनी ओळखले होते. पहिला किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला असे परंपरा सांगते. पुढे तो आदिलशाहीकडे होता. शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकात तो घेतला, वाढवला आणि त्याला विजयदुर्ग हे नाव मिळाले. इंग्रजी कागदपत्रांत मात्र शेजारच्या गिर्ये गावावरून आलेले ‘घेरिया’ हेच नाव दीर्घकाळ टिकले. कान्होजी आंग्रे यांच्या काळात या भूशिराने आपली खरी ताकद दाखवली. 1717 आणि 1720 मध्ये इंग्रजांनी, 1724 मध्ये डचांनी येथे हल्ला केला. तिन्ही वेळा त्यांना हात हलवत परतावे लागले. खाडीत थोडे आत गेल्यावर गिर्ये येथे आंग्र्यांच्या आरमाराची गोदी दिसते. सुमारे 355 फूट लांबीच्या या गोदीत भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत घेतली जात आणि ओहोटीला ती कोरडी पडली की दुरुस्तीचे काम चाले. समुद्राच्या रोजच्या चढउतारालाच कामाला जुंपण्याची ही युक्ती होती. तटबंदीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, सामर्थ्य या गोदीत होते, कारण आरमारावाचून हा किल्ला म्हणजे केवळ समुद्रात शिरलेला एक कातळ.

1756 च्या फेब्रुवारीत नेमके तेच घडले. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर विकोपाला गेले होते आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. ॲडमिरल वॉटसनचे आरमार समुद्रातून आले, पेशव्यांची फौज जमिनीच्या बाजूला होती. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांच्या ताब्यातील ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर गोळा पडून आग लागली. ती एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या इतर जहाजांवर पसरली आणि सारे आरमार जळून गेले. वादळात जहाजांना जवळ घेणाऱ्या त्या खाडीतून आगीच्या वेळी बाहेर पडायला वाटच उरली नाही. तुळाजी तत्पूर्वीच पेशव्यांच्या छावणीत गेला होता. किल्ला पेशव्यांच्या हाती पडू नये म्हणून क्लाइव्हने आपले सैनिक किनाऱ्यावर उतरवले ते जमिनीच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमधील तहान्वये बाणकोटच्या मोबदल्यात तो पेशव्यांना मिळाला. पुढे आनंदराव धुळप यांनी येथूनच मराठी आरमार सांभाळले. 1818 मध्ये मात्र तो कायमचा इंग्रजी अमलाखाली आला. तीन बाजूंचे पाणी किल्ल्याचे रक्षण करीत होते. चौथी बाजू आपल्याच माणसांची होती, आणि ती बाजू 1756 मध्ये शत्रूच्या पक्षाला मिळाली.

या भूशिरावर आणखी एक इतिहास वस्तीला आहे. किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर याने हेलियमचा शोध लावला, असे आवर्जून सांगितले जाते. शैक्षणिक सहलींतही ही कथा हमखास ऐकायला मिळते. नोंदी मात्र वेगळे सांगतात. त्या ग्रहणात फ्रेंच संशोधक जान्सेन गुंटूरला होता, तर लॉकयर इंग्लंडमध्ये. सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहणाशिवाय पाहण्यात लॉकयरला यश आले ते 20 ऑक्टोबर 1868 रोजी, तेही इंग्लंडमध्येच. त्यातील अनोळखी पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमची कल्पना मांडली गेली आणि 1895 मध्ये रॅमसेला तो वायू पृथ्वीवर सापडला. लॉकयर ग्रहणासाठी प्रथम भारतात आला 1871 मध्ये, केरळच्या किनाऱ्यावरील बेकल येथे. विजयदुर्गावर तो आला, पण 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी आणि खलाशी तेव्हा त्याच्या मदतीला होते. ओट्यांचा मेळ बसतो तो या मोहिमेशी. तोवर हेलियम सापडून तीन वर्षे झाली होती.

दोन ग्रहणे लोकस्मृतीत एक झाली, एवढाच याचा अर्थ. आख्यायिका जन्माला येण्याची ही नेहमीचीच रीत आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु आख्यायिकेचा अभ्यास करणे वेगळे आणि ती वर्गात इतिहास म्हणून शिकवणे वेगळे. 1898 ची खरी हकीकत काही कमी रोचक नाही. ज्या कातळावरून एके काळी परक्या जहाजांवर तोफा डागल्या गेल्या, त्याच कातळावर परक्या नौदलाचे खलाशी दुर्बिणी रोखून सूर्याची वाट पाहत होते. या चित्रावर शोधाचा खोटा मुलामा चढवण्याची गरज आम्हांला तरी दिसत नाही.

जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले समाविष्ट झाले. विजयदुर्ग त्यांतला एक. या नावातला ‘भूप्रदेश’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आता तेथे जाणाऱ्यांची संख्या वाढेल, माहितीफलक वाढतील आणि फलकावर जे लिहिले जाईल तेच पुढच्या पिढीचा इतिहास ठरेल. म्हणून विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना आमचे सांगणे एवढेच आहे : तट दाखवण्याआधी ती पूर्वेची चिंचोळी पट्टी दाखवा, गिर्येच्या गोदीत ओहोटीच्या वेळी उभे राहा, आणि ओट्यांपाशी आलात की 1868 नव्हे, 1898 हे साल सांगा.