टाळ कुटणारी मंडळी

परवा वीकेंडलाच एकादशी आली म्हणून लातूरला घरी गेलो होतो. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात एकादशीला भजन असतं. या वेळी मृदंगवाले काका वेळेवर आलेच नाहीत (एस.टी. लेट, दुसरं काय). मला वाटलं, आता बसा वाट बघत. पण मंडळींनी टाळ घेतले आणि केली की सुरुवात! पाऊण तास नुसत्या टाळांवर भजन चाललं आणि लय जराही हलली नाही.

मराठीत 'टाळ कुटणे' हा चक्क अपमान आहे. ज्याला दुसरं काही येत नाही त्याने टाळ कुटावेत, असा आपला समज. माझाही होता. ड्रमरच्या बाबतीतही तसंच होतं. लोक बघतात ते धडाधड वाजणारे ड्रम. वर लटकलेल्या पितळी ताटल्या म्हणजे शोभेच्या वस्तू. (त्या पितळी नसतात, पण ते पुढे येईलच.) गेली दोन वर्षं मला जॅझचं वेड लागलंय आणि त्यात एक गोष्ट हळूहळू पटत गेली: लय सांभाळायचं काम बहुतेक वेळा या ताटल्याच करतात. हे नक्की कधी सुरू झालं, ते शोधत गेलो, त्याची ही गोष्ट.

पण आधी टाळ. त्या दिवशी शेजारच्या आबांनी माझ्या हातात एक जोड दिली आणि दोन मिनिटांत वैतागून म्हणाले, "वाजवालास काय नुसतं, सोड की त्याला!" टाळाला दोन आवाज असतात. आपटून लगेच लांब केला तर 'खण्णण', बराच वेळ घुमतो. आपटून तसाच दाबून धरला तर 'टच्', तिथल्या तिथे मेला. धरायचं दोरीला, कारण धातूला बोट लागलं की घुमणं संपलं. कधी दाबायचं आणि कधी सोडायचं, बस, एवढंच. आणि तेवढंच मला जमत नव्हतं.

आता ड्रमसेटमधला हाय-हॅट बघा. दोन झांजा एकावर एक, एका दांड्यावर, पायाच्या पेडलने उघडमीट होणाऱ्या. म्हणजे स्टँडला लावलेले टाळच की! १९२० च्या दशकात हे प्रकरण आधी घोट्याएवढ्या उंचीवर होतं, त्यामुळे फक्त पायाने 'चिक चिक' करता यायचं. मग कुणीतरी दांडा लांबवला, झांजा कमरेपर्यंत आल्या आणि हातातली काठी तिथे पोचली. हार्डवेअरमधला एवढासा बदल, पण सगळं संगीत बदललं.

तोवर ड्रमर लय धरायचे ती मुख्यतः स्नेअर आणि पायाच्या मोठ्या ड्रमवर. १९३० च्या दशकात कॅन्सस सिटीत काउंट बेसीच्या बँडमध्ये जो जोन्स नावाचा माणूस होता. त्याने ती लय उचलून हाय-हॅटवर ठेवली आणि अख्खा बँड हलका झाला. 'व्हिपलॅश' (२०१४) मध्ये ज्याने चार्ली पार्करच्या डोक्यावर झांज फेकली असं सांगतात, तोच हा. खरी आख्यायिका १९३६ ची आहे आणि त्यात झांज पार्करच्या पायाशी पडते. सिनेमावाल्यांना डोकं बरं वाटलं असणार.

पुढे १९४० च्या सुमारास हार्लेममध्ये केनी क्लार्कने लय आणखी वर नेली, राइड सिंबलवर. ही मोठी, एकटी लटकणारी झांज. एक 'टिंग' संपायच्या आत दुसरा सुरू होतो, त्यामुळे लय ठोके न राहता वाहायला लागते. शिवाय डावा हात आणि पाय मोकळे झाले, वाटेल तिथे बॉम्ब टाकायला. बीबॉप उभं राहिलं ते यावर. १९६३ मध्ये माइल्स डेव्हिसकडे आलेला १७ वर्षांचा टोनी विल्यम्स ऐका, राइडवर बोलतो तो पोरगा. पॉपमध्ये रिंगो स्टारने उलटं केलं: हाय-हॅट अर्धवट उघडा ठेवून नुसता 'श्श्श'चा पडदा लावला. आबांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, याला सोडता येतं.

धातूचं म्हणाल तर चांगली झांज काशाची असते, साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. झिल्जियन कंपनी आपली सुरुवात १६२३ सालच्या इस्तंबूलमधली सांगते. आणि आपल्याकडचं कासं? ७८-२२ च्या आसपास. आजी तळपायाला घासायची ती काशाची वाटी आणि टोनी विल्यम्सची राइड सख्ख्या बहिणी निघाल्या :)

मुंबईत ही विद्या जॅझ बँडांतून आली आणि तिथून सिनेमात शिरली. हळदोण्याचा चिक चॉकलेट (खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ) ट्रम्पेट वाजवायचा आणि आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांसाठी, म्हणजे सी. रामचंद्रांसाठी काम करायचा. 'अलबेला' (१९५१) मध्ये तो त्याच्या बँडसकट पडद्यावर दिसतो. ड्रमर मात्र दिसला तरी ओळखणार कोण? रेकॉर्डवर गायक, संगीतकार, गीतकार. ड्रमरचं नाव नाही. कावस लॉर्ड, त्यांचा मुलगा बुजी लॉर्ड, लेस्ली गोदिन्हो, पंचमकडचे फ्रँको वाझ... यांचे हात आपण सगळ्यांनी ऐकलेत, नावं किती जणांना माहीत आहेत? 'तीसरी मंज़िल' (१९६६) मध्ये हीरोच ड्रमर होता, तरी लक्षात राहिला शम्मी कपूर.

आमच्याकडे तर वेगळीच गंमत. लातूर-नांदेडच्या आधीच्या पिढ्यांनी ही गाणी ऐकली मीडियम वेव्हवर. त्यात ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचायचं नाही आणि झांजेची सगळी चमक असते त्याच्याही वर. म्हणजे ज्यांनी ही गाणी पाठ केली त्यांना झांज जवळजवळ ऐकूच आली नाही! बाबांना मागच्या दिवाळीत चांगला हेडफोन लावून त्यांचं आवडतं गाणं ऐकवलं, तर म्हणाले, "हे खुळखुळ मागून टाकलंय का?"

मग डिस्को. फिलाडेल्फियाचा अर्ल यंग, १९७३ चं 'द लव्ह आय लॉस्ट': दोन ठोक्यांच्या मध्ये हाय-हॅट उघडा, 'त्स्'. त्या 'त्स्'वर पुढे सगळं डिस्को नाचलं. आपल्याकडे 'कुर्बानी' (१९८०) आणि 'डिस्को डान्सर' (१९८२) च्या लाटेत ते घरोघरी पोचलं. नांदेडला कॉलेजात असताना वरातीतल्या बँजो पार्टीत तोच 'त्स्' ऐकलाय, फक्त झांज गेली होती आणि ऑक्टापॅडचा रबरी चौकोन आला होता. रबराला घुमणं नाही. काठी उचला नाहीतर दाबा, 'त्स्' तेवढाच लांब.

मृदंगवाले काका शेवटी साडेनऊला आले. चप्पल काढली, देवाला हात जोडले, मृदंग पुढ्यात ओढला. पण लगेच थाप मारली नाही. डोळे मिटून टाळांची दोन आवर्तनं ऐकली आणि मग हळूच त्यांच्यात शिरले.